फुगीर हिवाळी जॅकेट घरी धुताय? आधी ते वाळवणार कुठे ते ठरवा

आत काहीतरी भरलेलं फुगीर जॅकेट घरी धुवायचं म्हटलं की बहुतेकांचे हात थबकतात आणि मग दोनपैकी एक प्रकार होतो. एक तर जॅकेट हिवाळ्यामागून हिवाळे तसंच वापरलं जातं, पार कॉलर काळी चकचकीत होईपर्यंत, नाहीतर एके दिवशी वैतागून जीन्स आणि टॉवेलांबरोबर मशीनमध्ये कोंबलं जातं, नेहमीची पावडर, वर सॉफ्टनर, आणि बाहेर येतं ते चपटं, जागोजागी गोळे झालेलं, ओल्या पिसांचा वास मारणारं काहीतरी. मग लोक म्हणतात की ही जॅकेटं धुवायचीच नसतात. असं काही नाहीये. धुणं खरं तर तासाभराचं काम आहे, घोळ होतो तो वाळवताना. म्हणून पहिली पायरी साबण नाही, मशीनही नाही. पुढचे दोन-तीन दिवस हे जॅकेट तुम्हाला लागणार नाहीये ना आणि ते आडवं पसरायला हवेशीर जागा आहे ना, किंवा मग ड्रायर मोकळा आहे ना, एवढं बघा. यातलं काहीच जमत नसेल तर आज धुऊ नका, सरळ पुढच्या सुट्टीवर ढकला.

आत काय भरलंय?

आतल्या बाजूला कमरेजवळच्या शिवणीत किंवा आतल्या खिशात एक लेबल असतं, ते वाचा. ढोबळमानाने दोन प्रकार. एक म्हणजे डाऊन, बदकाची किंवा हंसाची पोटाकडची मऊ पिसं. मधे दांडी असलेली नेहमीची पिसं नव्हेत, कापसाच्या पुंजक्यासारखे हलके गुच्छ असतात हे. दुसरा प्रकार सिंथेटिक, म्हणजे पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंची गादी किंवा सुटे पुंजके. प्रायमालॉफ्ट हे यातलं गाजलेलं नाव, 1980 च्या दशकात अमेरिकन लष्कराला भिजल्यावरही ऊब देणारा पिसांचा पर्याय हवा होता, त्यातून ते आलं.

दोन्हीत ऊब देते ती आत अडकलेली स्थिर हवा, पिसं किंवा तंतू फक्त ती हवा धरून ठेवतात. म्हणूनच जॅकेट जितकं फुगतं तितकं उबदार, आणि डाऊनच्या लेबलवर 550, 650, 800 असे जे आकडे दिसतात ते हेच सांगतात, की एक औंस पिसं किती घन इंच जागा व्यापतात. हे लक्षात आलं की धुणं का गरजेचं आहे तेही आपोआप कळतं. अंगाचा घाम, मानेचं तेल, क्रीम, धूळ हे सगळं हळूहळू आत झिरपतं, पिसांचे गुच्छ एकमेकांना चिकटतात, जॅकेट बसतं, आणि मग आपण म्हणतो की जुनं झालं, आता पूर्वीसारखं गरम राहत नाही. बऱ्याचदा ते जुनं झालेलं नसतं, नुसतं मळलेलं असतं.

लेबल फाटलं असेल तर बोटांनी चाचपून बघा. कुठेतरी बारीक काडी टोचल्यासारखी लागली (डाऊनमध्ये थोडी दांडीवाली पिसंही मिसळलेली असतात) आणि आतला माल कप्प्यात इकडेतिकडे सरकत असेल तर डाऊन, सलग पातळ गादीसारखं लागलं तर सिंथेटिक. पण अगदी खात्री होत नसेल तर डाऊनच आहे असं धरून चाला, कारण डाऊनला सांभाळून धुवायच्या पद्धतीने सिंथेटिकचं काही बिघडत नाही, उलटं केलं तर मात्र बिघडतं.

लेबलवरच्या चिन्हांपैकी कामाची थोडीच. पाण्याच्या टबवर फुली असेल तर घरी धुवायचं नाही, विषय संपला. टबमध्ये 30 लिहिलंय किंवा एक टिंब आहे म्हणजे 30 अंशांपर्यंतचं पाणी, टबाखाली आडवी रेघ म्हणजे हलक्या हाताने, दोन रेघा म्हणजे आणखीन हलक्या. चौकोनात गोल हे ड्रायरचं चिन्ह, त्यात एक टिंब म्हणजे कमी उष्णता. बाहेरून लेदर, स्वेड किंवा लोकर असलेलं जॅकेट घरच्या पाण्यात घालू नका, आत काहीही भरलेलं असो.

दर आठवड्याला धुवायचं नसतं

एका हिवाळ्यात एकदा, रोजच्या वापराचं असेल तर दोनदा, एवढं बास होतं. प्रत्येक धुण्यात पिसांना थोडा मार बसतोच. मधल्या काळात मळतं ते मुख्यतः कॉलर, बाह्यांची टोकं आणि खिशांच्या कडा, तेवढंच पुसून घ्यायचं. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रिसलचा जुना टूथब्रश, आणि ती जागा जॅकेटपासून बोटांनी थोडी वर उचलून धरून फक्त वरचं कापड घासायचं म्हणजे आतली पिसं भिजत नाहीत. मग ओल्या फडक्याने दोन-तीनदा साबण टिपून काढायचा. तेलकट डाग असेल तर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब चालतो, पण एकच, आणि तो पूर्ण निघेपर्यंत पुसायचं. कॉलरचा प्रश्न कायमचा मिटवायचा असेल तर गळ्याभोवती पातळ मफलर घालत जा, यापेक्षा चांगला उपाय नाही.

साबण कुठला

इथे बरेच लोक फसतात. नेहमीच्या पावडरीत आणि लिक्विडमध्ये डाग खाणारी एन्झाइम्स असतात, त्यातली काही प्रोटीन तोडतात, आणि पीस हे स्वतःच प्रोटीन आहे. शिवाय पिसांवर निसर्गतः तेलाचा अगदी पातळ थर असतो, त्यामुळे ती लवचिक राहतात, कडक डिटर्जंट तो थर धुऊन टाकतं आणि पिसं कोरडी, मोडकी होतात. म्हणून डाऊनसाठी डाऊन वॉश म्हणून जे मिळतं तेच घ्या, निकवॅक्स, ग्रेंजर्स अशा कंपन्यांचं येतं. एक बाटली काही धुण्यांना पुरते आणि वापर वर्षातून एक-दोनदाच. अगदीच नाही मिळालं तर लोकरीच्या कपड्यांसाठीचं सौम्य, एन्झाइम नसलेलं लिक्विड, तेही नेहमीच्या निम्मं.

सिंथेटिकला एवढे नखरे नाहीत, साधं सौम्य लिक्विड चालतं. पण दोन गोष्टी दोघांनाही वर्ज्य, ब्लीच आणि सॉफ्टनर. सॉफ्टनर तंतूंवर आणि कापडावर एक चिकट थर सोडतो, जॅकेट फुगायचं कमी होतं आणि बाहेरच्या कापडावरून पाणी ओघळायच्या ऐवजी आत शोषलं जातं.

मशीनमध्ये घालण्याआधी

सगळे खिसे रिकामे करा, आतला छुपा खिसासुद्धा, कारण एक विसरलेला टिश्यू पेपर पुढे दोन तास निवडत बसायला लावतो. टोपीची फरची झालर सुटत असेल तर काढून ठेवा, ती यात धुवायची नाही. चेन सगळ्या बंद, वेल्क्रो बंद, नाहीतर वेल्क्रोचे काटे पातळ नायलॉनवर असे ओरखडे काढतात की ते परत जात नाहीत. ओढायच्या दोऱ्या सैल सोडा. मग खिडकीजवळ उजेडात जॅकेट सगळीकडून बघा, कुठे शिवण उसवलीय, कुठे ठिणगी पडून भोक पडलंय, ते आधी बंद करा, कारण पाण्यात ते भोक मोठं होणार आणि मशीनभर पिसं होणार. कॉलर आणि बाह्या वर सांगितल्यासारख्या घासून घ्या आणि जॅकेट उलटं करा.

मशीनचा साबणाचा खणही एकदा धुऊन घ्या, त्यात जुन्या पावडरीचा आणि सॉफ्टनरचा लगदा साठलेला असतो, आपण खास साबण आणायचा आणि त्यात तो लगदा मिसळायचा, मग उपयोग काय.

मशीनमध्ये धुताना

पुढून दार उघडणारं फ्रंट लोड मशीन असेल तर उत्तम. वरून उघडणारं आणि मधे उभा दांडा असलेलं असेल तर मी म्हणेन की वापरूच नका, तो दांडा जॅकेट पिळवटतो आणि कप्प्यांच्या आतल्या पातळ भिंती फाडतो. त्या फाटल्या की बाहेरून काही दिसत नाही पण पिसं एका कप्प्यातून दुसऱ्यात पळतात आणि खांद्यावर नुसतं कापड उरतं, आणि याला घरगुती इलाज नाही. दांडा नसलेलं टॉप लोड असेल तर सगळ्यात हलक्या सायकलवर चालेल, पण बाहेरचं कापड वॉटरप्रूफ असेल तर त्यात पाणी फुग्यासारखं साठून राहतं आणि स्पिनला ड्रम एका बाजूला झुकून मशीन धडधडायला लागतं, तसं झालं तर लगेच थांबवा, जॅकेट बाहेर काढून पाणी दाबून काढा आणि मग पुढे चला.

एकावेळी एक जॅकेट, फार तर दोन सारखीच. 30 अंश, डेलिकेट किंवा लोकरीची सायकल, साबण बाटलीवर लिहिलाय तेवढाच, स्पिन कमी, 600 च्या आसपास ठेवा. सायकल संपली की नुसतं विसळण्याची सायकल परत एकदा लावा, आणि ओल्या जॅकेटचा एखादा कप्पा दाबल्यावर अजून फेसाळ पाणी येत असेल तर तिसऱ्यांदा. आत राहिलेला साबण हा मळापेक्षा वाईट, तो पिसांना चिकटवतो आणि पुढच्या वेळी घाम आला की परत फेसाळतो. शेवटी कमी वेगाचा एक जादा स्पिन, जितकं पाणी इथे निघेल तितके तास वाळवताना वाचतील.

हाताने धुवायचं असेल तर

टब किंवा मोठी बादली, कोमट पाणी, हाताला जेमतेम गरम लागेल इतकंच, त्यात साबण आधी नीट मिसळून घ्या. जॅकेट टाकलं की ते बुडतच नाही, फुगून वर तरंगत राहतं, एक बाजू दाबली की दुसरी वर येते आणि शिवणीच्या टाक्यांमधून बारीक बुडबुड्यांच्या रांगा निघत राहतात. घाई करायची नाही. खालच्या कडेपासून तळव्याने दाबत दाबत कॉलरकडे जायचं म्हणजे हवा पुढे सरकत बाहेर पडते आणि पाणी आत शिरतं. पूर्ण भिजलं की 15-20 मिनिटं तसंच ठेवा, मग हलक्या हाताने दाबा-सोडा, दाबा-सोडा. घासायचं नाही, आपटायचं तर नाहीच, ब्रशही लावायचा नाही.

पाणी काळपट झालेलं बघून आश्चर्य वाटेल, विशेषतः पहिल्यांदा धुताना. ते सोडून द्या आणि स्वच्छ पाण्यात विसळा, निदान तीन-चार पाणी तरी लागतात. आता सगळ्यात नाजूक क्षण, टबमधून बाहेर काढायचा. ओलं डाऊन जॅकेट भयंकर जड होतं आणि खांद्याला धरून सरळ उचललं की सगळं पाणी आणि ओली पिसं एकदम खाली येऊन आतल्या भिंतींवर ताण पडतो. आधी टबमध्येच दाबून पाणी काढा, मग दोन्ही हात खाली घालून झोपलेलं मूल उचलतो तसं अख्खं उचला. पिळायचं नाही, कितीही मोह झाला तरी. मोठ्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा, गुंडाळीवर गुडघ्याने दाब द्या, टॉवेल भिजला की दुसरा घ्या.

आता खरं काम: वाळवणं

धुतलेलं डाऊन जॅकेट पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की वाट लागली. दोन कापडांमधे काही नाहीच असं दिसतं, कुठेतरी कोपऱ्यात ओले गोळे, आणि वास. घाबरू नका, हे असंच दिसतं आणि हा वास ओल्या पिसांचाच आहे, पूर्ण वाळलं की जातो.

ड्रायर असेल तर सगळ्यात कमी उष्णतेवर लावा आणि सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाका. बॉल जॅकेटवर आपटत राहतात आणि गोळे फोडतात, आवाज मात्र घरभर होतो, रात्री करायचं काम नाही हे. नवे गडद रंगाचे बॉल असतील तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून रंग सोडतात का बघा. दर अर्ध्या तासाने जॅकेट बाहेर काढा, झटका, गोळे बोटांनी सोडवा, उलटं असेल तर सुलटं करा, परत टाका. दोन-तीन तास तर धराच, जाड जॅकेटला त्याहून जास्त. लवकर आवरावं म्हणून उष्णता वाढवू नका, बाहेरचं पातळ नायलॉन आकसतं, आणि सिंथेटिक असेल तर आतले तंतूही खराब होतात, मग ते फुगणं कायमचं गेलं. इस्त्री तर अजिबातच नाही.

ड्रायर नसेल तरी होतं, फक्त चिकाटी लागते. जॅकेट आडवं पसरायचं, कपडे वाळवायच्या स्टँडवर वरच्या दांड्यांवर, म्हणजे खालूनही हवा लागते, नाहीतर कोरड्या टॉवेलवर. पंखा लावायचा. कडक उन्हात तासन् तास ठेवायचं नाही, रंग उडतो आणि नायलॉन कमजोर होतं, वारा खेळती सावली सगळ्यात बरी. ओलं असताना दोरीवर किंवा हँगरवर टांगायचं नाही, सगळी पिसं प्रत्येक कप्प्याच्या तळाशी जाऊन बसतात आणि तिथेच घट्ट वाळतात. हीटरवर किंवा गरम पाइपवरही टाकू नका.

पहिले काही तास नुसतं उलटसुलट करत राहायचं. वरचं कापड कोरडं झालं की गोळे सोडवायला लागा, त्याआधी ओल्यात जोर केला तर पिसं तुटतात. एक कप्पा दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, आत वाटाण्याएवढा, कधी सुपारीएवढा गोळा लागतो, तो कापडावरूनच अंगठा आणि बोटात धरून हलकेच दोन्हीकडे ओढायचा, जणू आतला कापूस पिंजतोय. मग पुढचा कप्पा. खांदे, काखा आणि टोपी जिथे शिवली आहे तो भाग सगळ्यात उशिरा वाळतो, तिथे जास्त वेळ द्या. हे दिवसातून चार-पाच वेळा, दोन दिवस, हवा दमट असेल तर तीन किंवा चारही. टीव्ही बघत बसून करायला छान काम आहे.

वाळलं की नाही ते नुसत्या हाताने कळत नाही कारण बाहेरचं कापड केव्हाच कोरडं झालेलं असतं. जॅकेट खिडकीसमोर किंवा दिव्यासमोर धरा, फिकट रंगाच्या जॅकेटमधे गोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. गडद जॅकेट असेल तर गालाला लावून बघा, थंड लागेल तिथे अजून ओल आहे. हलवल्यावर सगळीकडे सारखं हलकं वाटलं पाहिजे. वास अजून येत असेल तर ओल आहे, अत्तर मारून लपवू नका, आणखी वाळवा. आणि झालं असं वाटलं तरी मी एक दिवस जादा बाहेरच ठेवतो, कपाटात नाही, कारण अर्धवट ओलं आत गेलं की कुबट वास बसतो, बुरशी येते, आणि मग परत पहिल्यापासून सगळं.

सिंथेटिकला यातलं फारसं काही लागत नाही. पाणी नीट निथळू द्या, पसरा किंवा पाणी गळायचं थांबल्यावर जाड हँगरवर लावा, एका दिवसात बहुतेक वाळतं. बॉलबिलची गरज नाही.

पाणी ओघळायचं बंद झालंय?

नव्या जॅकेटवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात, तो कापडावरचा लेप असतो आणि तो वापराने, मळाने दबतो. धुतल्यावर वाळलेल्या जॅकेटवर पाणी शिंपडून बघा. थेंब घरंगळले तर काहीच करायचं नाही. कापड गडद होऊन पाणी पीत असेल तर आधी कमी उष्णतेवर ड्रायरमधे 15-20 मिनिटं फिरवा, उष्णतेने बऱ्याचदा लेप परत जागा होतो. तरी नाही झालं तर वॉटर रिपेलंटचा स्प्रे मिळतो तो बाहेरून मारा, खांदे, टोपी आणि बाह्यांवर थोडा जास्त, हवेशीर जागी. धुण्याच्या पाण्यात मिसळायचा प्रकारही असतो, पण तो आतल्या अस्तरालाही लागतो, म्हणून भरलेल्या जॅकेटला मला स्प्रेच बरा वाटतो. हल्लीच्या बऱ्याच जॅकेटांवर फ्लोरिन नसलेले लेप असतात, पर्यावरणाला ते चांगले पण तेलकटपणापुढे लवकर हार मानतात, तेव्हा अशा जॅकेटची कॉलर आणि बाह्या जरा वरचेवर पुसत जा.

पिसं बाहेर येतात ती

शिवणीतून पिसाची काडी डोकावली की हात आपोआप ती ओढायला जातो. ओढू नका, तिच्यामागून दुसरी येते आणि भोकही मोठं होतं. आतल्या बाजूने कापड चिमटीत धरून काडी परत आत खेचून घ्या आणि वरून बोट चोळा, भोक मिटतं. थोडीफार पिसं प्रत्येक डाऊन जॅकेटमधून निघतातच, त्यात काळजीचं काही नाही. कापड फाटलं असेल तर नायलॉन चिकटवायची रिपेअर टेप लावा, कोपरे गोल कापून, म्हणजे उचकटत नाहीत, आणि लावायच्या आधी जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. सुईदोऱ्याने शिवलंत तर प्रत्येक टाक्याचं नवं भोक होतं, तेव्हा शिवण अगदी मोठ्या फाटीलाच, आणि तीही वरून टेप लावून.

हिवाळा संपल्यावर

ठेवायच्या आधी धुवाच, मळलेलं ठेवलं तर घामाचे डाग पिवळे पडून पक्के होतात आणि कसरीलाही असलंच घामट कापड आवडतं. जॅकेटबरोबर जी छोटी पिशवी येते ती प्रवासापुरती आहे, त्यात सहा-आठ महिने दाबून ठेवलं तर पिसं असोत की तंतू, फुगायचं विसरतात, आणि सिंथेटिक तर यातून नीट सावरतच नाही. व्हॅक्यूमच्या पिशव्याही याच कारणासाठी नकोत. रुंद हँगरवर मोकळं टांगा, वरून सुती चादर किंवा जुनी उशीची खोळ घाला, प्लॅस्टिकचं कव्हर नको, त्यात दमटपणा अडकतो. टांगायला जागा नसेल तर मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा, कपाटात सगळ्यात वर, ज्याच्यावर दुसरं काही रचलं जाणार नाही अशा जागी. पुढच्या हिवाळ्यात काढल्यावर चपटं दिसलं तर लगेच धुवायला घेऊ नका, नीट झटका आणि एक दिवस बाहेर टांगून ठेवा किंवा ड्रायरमध्ये उष्णता न लावता बॉलांबरोबर दहा मिनिटं फिरवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच फुगतं.